तापाची वही

आमचा मुलगा गेल्यानंतर १९ महिन्यांनी मला माझ्या नवऱ्याच्या दुसऱ्या नात्याबद्दल कळले. ते ज्या रीतीने कळले त्याचाच पुढे आम्ही घेतलेल्या समुपदेशनाच्या साऱ्या प्रक्रियेशी संबंध असल्यामुळे सुरुवात तिथूनच करते. मला एक अर्ज छापून घ्यायचा होता आणि माझा लॅपटॉप बिघडला होता, म्हणून मी त्याचा उघडला. पडद्यावर कुणाशी तरी चाललेला संवाद उघडाच राहिला होता आणि त्यात रेघी वहीच्या एका पानाचा फोटो होता. पानावर निळ्या शाईने वेळ, तापाचा आकडा आणि पुढे एखाददुसरे वाक्य असे ओळीने लिहिलेले होते. ते अक्षर माझे होते. फोटोखाली त्याने लिहिले होते, ‘आज हे पान वाचत बसलो होतो,’ आणि त्याखाली एका स्त्रीने उत्तर दिले होते, ‘एकटा वाचू नकोस. मी येते.’

ती वही काय होती हे सांगायला हवे. मुलगा १६ वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला. केमोथेरपीमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली येतात की साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो, आणि त्या संसर्गाची पहिली खूण कित्येकदा ताप हीच असते. थर्मामीटरने १००.४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस दाखवले की रात्र असो वा दिवस, थेट रुग्णालय गाठायचे, असे आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावले गेले होते. म्हणून आम्ही दर चार तासांनी ताप मोजून एका जाडजूड वहीत लिहीत असू. सकाळी १० पासून रात्री १० पर्यंतच्या नोंदी माझ्या, आणि रात्री २ व सकाळी ६ च्या नवऱ्याच्या. मी आकड्यापुढे काहीबाही लिहीत असे: आज दोन घास जास्त खाल्ले, आज हसला, आज माझ्यावर चिडला. तो बहुतेक वेळा नुसता आकडा लिहून वही मिटत असे. मुलगा अठराव्या वर्षी गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच ती वही घरातून दिसेनाशी झाली. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, की ती ऑफिसच्या कपाटात ठेवली आहे, घरात नजरेसमोर नको वाटते. मी पुन्हा विचारले नाही.

लग्नाला २३ वर्षे झालेल्या बाईला नवऱ्याचे दुसरीकडे नाते आहे हे कळल्यावर जे जे होते ते सगळे मलाही झाले, आणि त्यातल्या शारीरिक जवळिकीचे दुःख कमी होते असे मी मुळीच म्हणणार नाही. पण मला आतून पोखरून काढले ते दुसऱ्याच गोष्टीने. मुलाच्या मृत्यूनंतर हा माणूस घरात माझ्यासमोर एकदाही रडला नव्हता. मी त्याला दगड समजत होते, कधीकधी त्याची कीवही करत होते. आणि आता समोर दिसत होते की तो रडत होता, बोलत होता, मुलाच्या आठवणी काढत होता, फक्त ते सारे दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर. आमच्या मुलाचे दुःख ही जगात केवळ आम्हा दोघांची अशी एकच गोष्ट उरली होती, आणि त्यातला स्वतःचा वाटा तो उचलून बाहेर घेऊन गेला होता. हे वाक्य मला पहिल्या दिवशी सुचले नाही. ते नीट शब्दांत यायला सात महिने लागले.

पहिले काही आठवडे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, आणि रस्त्याने चालताना अचानक ते पान डोळ्यांपुढे येऊन छातीत धडधडायला लागायचे. पुढे समुपदेशकांनी समजावले की जोडीदाराच्या प्रतारणेचा धक्का बसलेल्या माणसात आघातानंतर दिसतात तशीच लक्षणे दिसतात: नको असलेली चित्रे मनात घुसणे, सतत सावध राहणे, मधूनच बधिर होणे. क्रिस्टिना गॉर्डन, डोनाल्ड बॉकम आणि डग्लस स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशा जोडप्यांसाठी जी उपचारपद्धती बांधली, ती याच समजुतीवर उभी आहे आणि तिचे तीन टप्पे आहेत: आधी धक्का सावरणे, मग हे कसे घडले याचा अर्थ लावणे, आणि त्यानंतरच पुढे एकत्र राहायचे की वेगळे व्हायचे ते ठरवणे. आमची प्रक्रिया ढोबळमानाने याच वाटेने गेली. वाट कागदावर सरळ दिसते, चालताना मात्र आम्ही तिसऱ्या टप्प्यावरून कितीदा तरी पहिल्यावर येऊन आदळलो.

ज्यांच्याकडे आम्ही सर्वांत आधी गेलो त्या समुपदेशकांबद्दल मी थोडक्यातच लिहिते. दुसऱ्याच भेटीत ते मला म्हणाले, ‘दुःखात माणसं अशी वाहवत जातात. तुम्ही थोडं मोठं मन करा.’ मी तिथून उठले. माझेही मूल गेले होते आणि मी वाहवत गेले नव्हते. एवढी साधी गोष्ट ज्यांच्या लक्षात येत नाही त्यांच्याकडे पुन्हा जायचे नाही, यावर आमचे दोघांचे त्या काळात एकमत झाले, आणि त्या महिन्यातली ती एकमेव एकमताची गोष्ट होती.

दुसऱ्या समुपदेशक वयाने मोठ्या होत्या आणि फार कमी बोलायच्या. त्यांनी आधी आम्हाला वेगवेगळे बोलावले. माझ्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का आणि घरात कुणी कुणावर हात उगारतो का, हे त्यांनी आडपडदा न ठेवता विचारले. दुःख बरेच लांबले आहे असे वाटल्यामुळे त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले. लांबलेल्या शोकाला आता स्वतंत्र निदान म्हणून मान्यता आहे हे मला तिथे समजले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे, तर अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी १२ महिन्यांचा. पण नुसते महिने मोजून निदान होत नाही, गेलेल्या माणसाची रोजची तीव्र ओढ आणि त्यापायी कोलमडलेला दिनक्रम हेही पाहावे लागते. माझे निदान तसे झाले नाही. झोपेसाठी काही आठवडे औषध मिळाले आणि त्याचा मला उपयोग झाला, हे मुद्दाम लिहिते, कारण औषध घेणे म्हणजे हार मानणे असे मीही तोवर मानत होते.

मग एकत्र भेटी सुरू झाल्या, आठवड्यातून एक. पहिल्याच एकत्र भेटीत समुपदेशकांनी तीन महिने वेगळे होण्याचा किंवा न होण्याचा कोणताही निर्णय घ्यायचा नाही असे सांगितले, आणि नवऱ्यापुढे एक अट ठेवली: त्या स्त्रीशी असलेला संपर्क पूर्ण तोडायचा, आणि तो तोडल्याचा निरोप मला दाखवून पाठवायचा. त्याने तो पाठवला. त्यात दोनच वाक्ये होती. ती लिहायला त्याला चार दिवस लागले आणि ते चार दिवस मी मोजले.

सर्वांत मोठे नुकसान केले ते हप्त्याहप्त्याने बाहेर आलेल्या सत्याने. आधी तो म्हणाला, दोन महिने. मग चार. मग कळले की मुलाच्या पहिल्या स्मृतिदिनाच्याही आधीपासून. प्रत्येक नव्या कबुलीने आधीची कबुली खोटी ठरायची आणि बांधत आणलेले सगळे पुन्हा ढासळायचे. तो म्हणायचा, की तुला जास्त लागू नये म्हणून मी हातचे राखून बोललो. समुपदेशकांनी त्याला शांतपणे सांगितले, ‘तुम्ही त्यांना नाही वाचवत, स्वतःला वाचवताय. पुढच्या भेटीत सगळं एकदाच सांगायचं. त्यानंतर काही नवीन निघता कामा नये.’

त्या भेटीसाठी मी प्रश्न लिहून काढले. ते ६१ झाले. समुपदेशकांनी माझ्याबरोबर बसून ते एकेक वाचले आणि प्रत्येकाला एकच कसोटी लावली: याच्या उत्तराने तुम्हाला काही ठरवायला मदत होईल, की केवळ एक चित्र मनात कायमचे चिकटून बसेल? ती माझ्यापेक्षा कशी आहे, कुठे भेटलात, काय घातले होते, असले प्रश्न मी स्वतःच्या हाताने खोडले. ते खोडताना मला अपमानित वाटले, जणू माझ्या हक्काचे काही मी सोडून देत होते. आज मात्र मला ती काटछाट फार मोलाची वाटते. नको ती चित्रे आधीच पुरेशी होती. शेवटी २२ प्रश्न उरले आणि त्यांतले नऊ त्या वहीबद्दल होते. तिने किती पाने वाचली? माझ्या नोंदी तू तिला मोठ्याने वाचून दाखवल्यास का? त्याच्या शेवटच्या दिवसाचे पान तिने पाहिले का?

त्याने सगळ्यांची उत्तरे दिली. शेवटचे पान तिने पाहिले होते.

घरी बोलण्याचेही नियम ठरले, कारण आमचे शब्दाने शब्द वाढत पहाट व्हायची. या विषयावर दिवसातून अर्धाच तास बोलायचे, झोपण्याआधी नाही, आणि नाडी भडकली की थांबायचे. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन यांचे म्हणणे असे, की ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला समोरच्याचे बोलणे नीट ऐकूच येत नाही, आणि शरीर शांत व्हायला निदान २० मिनिटे लागतात. ठोके मोजायला आमच्याकडे साधन होते. मुलाच्या आजारपणातले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर खणात तसेच पडून होते. पहिल्यांदा नवऱ्याने ते बाहेर काढले तेव्हा मला ते सहन झाले नाही. त्या चिमट्याच्या आत मला मुलाचे बोट दिसत होते. दोन आठवड्यांनी मीच ते मागितले. आधी मी लावले, १२१. मग त्याने लावले, ११८. दगड समजलेल्या माणसाचे ठोके माझ्याइतकेच पडत होते हे त्या लाल आकड्याने दाखवले, आणि त्या दिवशी आम्ही एक शब्दही न बोलता २० मिनिटे एकाच खोलीत बसून राहिलो.

वहीचे काय करायचे हा प्रश्न होताच. ती फेकायची नव्हती, आणि दुसऱ्या हातांनी उलटलेली ती पाने मला घरातही नको होती. शेवटी समुपदेशकांनी ती एका पाकिटात बंद करून स्वतःच्या कपाटात ठेवली आणि पाकिटावर आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. दोघांनी मिळून मागितली तरच ती परत मिळणार होती.

दुसरा टप्पा मला सर्वांत जड गेला, कारण त्यात मला माझ्याकडेही पाहायचे होते. मूल गेल्यावर लग्ने मोडतातच असे आम्हाला अनेकांनी ऐकवले होते आणि मीही ते गृहीत धरले होते. जणू आमचे लग्न मुलाबरोबरच संपायचे होते आणि नवऱ्याने फक्त निमित्त पुरवले. समुपदेशकांनी ही समजूत पुसून काढली. मूल गमावलेल्या पालकांसाठी काम करणाऱ्या ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ या संस्थेने १९९९ मध्ये अमेरिकेत केलेल्या पाहणीत, मुलाच्या मृत्यूच्या वेळी विवाहित असलेल्यांपैकी ७२ टक्के पालक अजून त्याच जोडीदाराबरोबर होते आणि घटस्फोट सुमारे १२ टक्क्यांचाच झाला होता. म्हणजे नियतीने आमच्या नावावर काही लिहून ठेवले नव्हते. याने मला दिलासा मिळाला नाही, उलट राग आला, कारण याचा अर्थ जे झाले ते कुणीतरी केले होते.

रागाबद्दलही असेच. मला वाटायचे की नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार या शोकाच्या पाच पायऱ्यांपैकी मी पुन्हा रागाच्या पायरीवर घसरले आहे. त्यावर त्यांनी सांगितले की मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या अवस्था मरणाच्या दारातील रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आल्या होत्या; मागे राहिलेल्यांनी ओळीने चढायचा तो जिना नव्हे. आमच्या बाबतीत त्यांना अधिक उपयोगी वाटली ती शोकाचा अभ्यास करणारे मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक श्खुट यांची १९९९ मधली मांडणी. तीनुसार शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये येजा करतो: कधी गेलेल्या माणसाकडे, आठवणींकडे, रडण्याकडे, तर कधी नव्याने उभे राहण्याच्या कामांकडे. येजा चालू असेल तर दोन्ही ठीक. आमच्या घरात येजा बंद पडली होती आणि कामाची वाटणी झाल्यासारखे झाले होते: सगळे रडणे माझ्याकडे, सगळे सावरणे त्याच्याकडे. तो दोन आठवड्यांत कामावर रुजू झाला, बिले भरली, मुलाच्या खात्यांची कागदपत्रे निस्तरली. मी मुलाच्या खोलीत बसून राहिले. माझ्या लेखी त्याचे सावरणे म्हणजे विसरणे होते, आणि त्याच्या लेखी माझे रडणे म्हणजे त्याच्यावर ठेवलेला ठपका.

एका भेटीत त्याने मला एक प्रसंग आठवून दिला. मुलगा गेल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात तो एका रात्री खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला होता आणि मी मान वर न करता म्हणाले होते, ‘तू जा. तुझं संपलंय सगळं.’ मला ते आठवत होते. तो रडायला आला होता हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी ते ऐकून बराच वेळ गप्प बसले, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जरा हलके झाल्याची छटा दिसली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समुपदेशकांनी लगेच हस्तक्षेप केला. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘लग्नात जे दुरावलं होतं त्यात तुमचा वाटा आहे. त्यांनी जे केलं त्यात नाही.’ आणि त्याच्याकडे वळून, ‘त्या दारातून तुम्ही परत फिरलात इथपर्यंत दुःख. परत फिरून कुठे गेलात, ते तुम्ही ठरवलंत.’ पुढचे कितीतरी महिने मी या वाक्यांना धरून चालले. दुःख ही त्या प्रतारणेची पार्श्वभूमी होती. ते तिचे कारण नव्हते. पार्श्वभूमी समजून घेणे आणि माफ करून टाकणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे ते जपल्याशिवाय मी तिथे एक दिवसही बसू शकले नसते.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही याचा मी खूप विचार केला. संपर्क तोडल्यानंतर नवराही शोक करत होता, त्या नात्याचा. जिच्याशी मुलाबद्दल बोलता येत असे ते माणूस त्याने गमावले होते. एकदा तो हे माझ्यासमोर बोलून गेला आणि मी खोलीतून निघून गेले. त्यानंतर समुपदेशकांनी तो विषय त्याच्या एकट्याच्या भेटींपुरता ठेवला. ज्या दुःखाला समाजात उघड जागा नसते, ज्यासाठी कुणी भेटायला येत नाही, अशा शोकाबद्दल केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिले. तो मान्यता नसलेला शोक त्याच्याकडे होता, आणि माझ्याकडेही होता. मुलगा गेला तेव्हा घर माणसांनी भरले होते. लग्नातला विश्वास गेला तेव्हा मी कुणालाही सांगितले नाही, माझ्या बहिणीला सोडून. तिने सल्ला दिला नाही, बाजू घेतली नाही, रोज रात्री नऊ वाजता फोन केला आणि मी बोलत नसले तरी तो चालू ठेवला.

लिहिण्याचा एक प्रयोगही झाला. जेम्स पेनीबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे मनातल्या खोल जखमेबद्दल लिहिले होते. तशाच धर्तीवर आम्ही दोघांनी लिहिले. माझ्या पहिल्या तीन दिवसांच्या पानांत फक्त ती स्त्री होती. चौथ्या दिवशी मुलगा आला. मुलाबद्दल मी कित्येक आठवड्यांत विचारच केला नव्हता हे तेव्हा माझ्या ध्यानात आले, आणि त्या जाणिवेने मला जेवढे रडवले तेवढे त्या लॅपटॉपनेही रडवले नव्हते. प्रतारणेने माझा शोकसुद्धा मधेच तोडला होता.

तिसऱ्या टप्प्याचा मी फार विस्तार करणार नाही. क्षमा करणे म्हणजे पुन्हा एकत्र राहणे नव्हे, आणि एकत्र राहणे म्हणजे क्षमा केली असेही नव्हे, हे आम्हाला स्पष्ट सांगितले गेले. माझ्या जागी दुसरी कुणी असती आणि तिने वेगळी वाट धरली असती, तर मी तिच्या पाठीशी उभी राहिले असते. आम्ही एकत्र राहायचे ठरवले ते दहाव्या महिन्यात, तेही आधी सहा महिन्यांपुरते, आणि नंतर मुदत न घालता. त्याचा फोन मी वर्षभर पाहत होते. मग एक दिवस पाहायचा राहिला, आणि तो राहिला हे मला तीन दिवसांनी लक्षात आले. अविश्वास अजूनही येतो. तो उशिरा घरी आला की माझ्या पोटात खड्डा पडतो. तो आता कारण विचारायच्या आधी सांगतो आणि मी ते ऐकून घेते. कधी पटते, कधी नाही.

अकराव्या महिन्यात आम्ही दोघांनी वही मागितली. पाकिटावरच्या सह्या पाहून समुपदेशकांनी ते आमच्या हाती दिले आणि विचारले, की कशी वाचणार? आमचे काही ठरले नव्हते. त्यांनी सुचवले, की माझ्या नोंदी त्याने वाचाव्यात आणि त्याच्या मी. रोज संध्याकाळी अर्धा तास, मोठ्याने.

पहिल्या संध्याकाळी त्याने माझ्या अक्षरातले ‘आज दोन घास जास्त खाल्ले’ वाचले आणि तिथेच त्याचा आवाज फुटला. आमच्या घरात मी त्याला रडताना पाहिले ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी त्याच्या जवळ गेले नाही. मला तेवढे जमले नाही. पण मी उठूनही गेले नाही, आणि थोड्या वेळाने पुढची ओळ, त्याच्या अक्षरातली, मी वाचली: ‘रात्री २, ९८.८.’ अशी पाने पुढे सरकत राहिली. माझी वाक्ये त्याच्या तोंडून, त्याचे आकडे माझ्या तोंडून. कित्येक रात्री मी गाढ झोपलेली असताना हा माणूस अंधारात थर्मामीटर हातात धरून उभा होता, हे ते आकडे वाचताना माझ्यापर्यंत पोहोचत होते. ते मला नव्याने कळले असे नाही. मी ते मोजायचे सोडून दिले होते.

नवव्या की दहाव्या संध्याकाळी दुखणे उलटल्यानंतरचे एक पान आले. रात्री २ च्या नोंदीपुढे त्याने कधी नव्हे ते एक वाक्य लिहिले होते. मी वाचले, ‘९९.२. शांत झोपला आहे. तुला उठवले नाही.’ ती रात्र मला आठवत होती. ताप जरा जरी चढला तरी मला उठव असे मी बजावले होते, आणि सकाळी हे वाक्य पाहून मी त्याच्याशी कडाक्याचे भांडले होते.

मी वाचून थांबले. तो वहीकडे पाहत म्हणाला, ‘झोपला नव्हता. जागा होता. आम्ही बोलत होतो. आईला उठवू नको म्हणाला, म्हणून तसं लिहिलं.’

माझ्या ओठांवर प्रश्न आला आणि मी तो गिळला नाही. ‘हे तिला सांगितलं होतंस?’

त्याने वेळ घेतला. ‘हो,’ तो म्हणाला.

अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. ऑक्सिमीटर खणात होते आणि ते काढायला दोघांपैकी कुणीही उठले नाही. मी वही मिटली नाही, तशीच उघडी मांडीवर ठेवली आणि म्हटले, ‘मग आता मला सांग. पहिल्यापासून.’

त्याने खुर्ची ओढून जवळ घेतली आणि सांगायला सुरुवात केली, ‘मी आत गेलो तेव्हा खोलीत अंधार होता. त्यानंच हाक मारली...’